चंद्रीला दिलेली शून्यं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या सुरेखाला तर मुळीच नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. जाऊबाईंच्या शिऱ्यात साखरेऐवजी मीठ मीच टाकलं होतं, हे मी भर पंगतीत कबूल केलेली बाई आहे. पण हे? हे आठ वर्षं राहिलं. जिभेवर आलं की मी चहा मागवायचे.

तोंड पाडून ऐकू नका. मीही रडत सांगणार नाही. आमचं सगळं छान चाललंय — अडचण तीच तर आहे.

मी आणि सुरेखा नाशिकला व्यंगचित्रांच्या एका शाळेत शिकलो. शाळा म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक मजला, चौदा टेबलं आणि कुलथे सर. मी सिन्नरहून यायचे, सुरेखा लासलगावहून. तिचे वडील कांदा मार्केटला मापारी, काट्यावर वजनं करणारे. माझे वडील एमआयडीसीत. दोन्ही घरांत प्रश्न एकच होता, की कार्टून काढायला शाळा कशाला लागते? आज आमच्या वर्गातल्या पाच जणांची मुलांसाठीची ग्राफिक नॉव्हेल्स निघाली आहेत, शाळांच्या वाचनालयांत फाटेपर्यंत वाचली जातात, आणि तेच काका-मामा पोरांना घेऊन सहीसाठी रांगेत उभे असतात. मी त्यांना मुद्दाम थोडं थांबवते.

कुलथे सरांची एक पद्धत होती. पुस्तकाची डमी, म्हणजे पेन्सिलीतली कच्ची प्रत, तयार झाली की ती एखाद्या शाळेत नेऊन मुलांनाच मोठ्यानं वाचायला द्यायची. पण स्वतःची डमी स्वतः न्यायची नाही. चित्रं काढणारी ताई समोर उभी असली की मुलं पाहुण्यासारखी वागतात, सगळंच गोड म्हणतात. म्हणून डमी मैत्रिणीनं न्यायची, मागच्या बाकावर बसायचं आणि तक्ता भरायचा. मुलं हसली की त्या पानापुढे टिंब. मागचं पान पुन्हा उघडलं की बाण. जांभई आली, खिडकीबाहेर नजर गेली की शून्य. सर म्हणायचे, माझं मत गेलं खड्ड्यात, तक्ता बघा.

शेवटच्या सत्रात एक प्रकाशक येणार होते. चौदातली एक डमी ते निवडणार होते.

माझी डमी होती भंगारातून रोबो बनवणाऱ्या मुलीची. सुरेखाची होती चंद्री नावाच्या शेळीची. चंद्री चुकून कांद्याच्या लिलावात शिरते. व्यापारी बोली लावतात, चंद्री "बेंऽऽ" करते, आणि लिलाव पुकारणाऱ्याला वाटतं की कुणीतरी वरची बोली लावली. संध्याकाळपर्यंत मार्केटमधल्या सगळ्या ट्रॉल्या चंद्रीच्या नावावर. व्यापारी तिच्यापुढे हात जोडून उभे, आणि शेवटच्या पानावर कळतं की तिला कांदा आवडतच नाही.

मी ती डमी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसून हसून पोट दुखलं. मग वेगळ्या कारणानं दुखायला लागलं. समजलं ना तुम्हाला?

आम्ही डम्या बदलल्या. सुरेखानं माझी नेली आणि तक्ता आणला तो अगदी खरा. चौदाव्या पानापासून विसाव्यापर्यंत शून्यंच शून्यं. तिनं मला समोर बसवून सांगितलं की ही सात पानं काढून टाक, आणि तुझ्या रोबोला कशाची तरी भीती वाटू दे, नुसता शहाणा रोबो कुणाला हवाय? मी तसं केलं. आज शाळाशाळांत मुलं मला विचारतात, रोबोला पावसाची भीती वाटते हे कसं सुचलं? मी हसते. सुचलं म्हणते.

आणि मी? मी चंद्रीला घेऊन दिंडोरीजवळच्या एका गावात गेले, जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर. तिथं काय झालं ते सांगते जरा वेळानं. परतताना जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. मांडीवर भरलेला तक्ता, पिशवीत एक कोरा. बाहेर द्राक्षबागा. कुणी मला ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. मी कोरा तक्ता काढला आणि शून्यं काढत गेले. जीप खड्ड्यातून जायची, शून्य वाकडं यायचं, तर मी ते नीट गिरवायचे. हो — नीट गिरवायचे. सगळीच शून्यं दिली असती तर संशय आला असता, म्हणून पहिल्या आठ पानांवर दोन-चार टिंबं टाकली. नवव्या पानापासून जांभया. खरा तक्ता फाडला आणि नाशिकला उतरल्यावर स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सुरेखानं तक्ता पाहिला. एकेका शून्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं झालं बाई, तू खरं सांगितलंस. दुसरी असती तर माझं मन राखलं असतं."

  मी चहा मागवला. प्रकाशकांपुढे तिनं चंद्री ठेवलीच नाही. माझा रोबो निवडला गेला, आणि पेढे तिनं वाटले.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी सुरेखा. छे, बिचारी कुठली! दोन वर्षांनी तिचं पुस्तक आलं, सायकल दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींचं. त्याचे चार भाग निघालेत. माझ्यापेक्षा तिचा वाचकवर्ग मोठा आहे. शिक्षकांना ती पुस्तकं फार आवडतात, मुलं वाचून शांत होतात, एखाददुसरं डोळे पुसतं. आम्ही दोघी शनिवारी कुलथे सरांच्या त्याच शाळेत शिकवायला जातो, एकाच डब्यातलं खातो. आणि दर नव्या वर्गाला ती माझी ओळख करून देते, "ही माझी जांभईवाली. हिनं त्या दिवशी खरं बोलायची हिंमत केली म्हणून मी विनोदाच्या नादातून सुटले." पोरं टाळ्या वाजवतात. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं तर टाळ्यांच्या गजरात खवखवतं.

विनोदाच्या नादातून सुटले — हे तिचं वाक्य. सुरेखा बोलायला लागली तर रिक्षावाला रिक्षा बाजूला घेऊन हसतो. मार्केटमधल्या एकेकाची नक्कल अशी करते की मला पाणी प्यावं लागतं. पण तिच्या चार पुस्तकांत एक विनोद नाही. एकही नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगते की कागदावर मला हसवता येत नाही, मी एकदा तपासून पाहिलंय. तपासलं कुणी होतं? मी.

यंदा नाशिकच्या पुस्तक प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. सुरेखा चहा आणायला गेली होती. कॉलेजात जाणारी एक मुलगी आली, सगळी पुस्तकं चाळली आणि मला निरखून बघत म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या शाळंत आल्या होत्या ना? चौथीत? ते शेळीचं पुस्तक नाय का हितं?"

मी म्हटलं, ते निघालंच नाही.

"का वो? लय भारी होतं ते. आम्ही अजून बेंऽऽ करतो एकमेकींना."

  मी तिला रोबोचं पुस्तक दिलं, फुकट, वर सही करून. सुरेखा चहा घेऊन आली, कोण होती गं म्हणाली. मी म्हटलं, अशीच कुणीतरी. बघा — आठ वर्षांनीसुद्धा.

मत्सर म्हणा, नीचपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. वय लहान होतं असंही म्हणणार नाही, चोवीस म्हणजे काही लहान नाही. माझं लिहिलेलं सुरेखा सगळ्यांच्या आधी वाचते, तेव्हा हेही ती वाचेल. त्यानंतर तिनं माझ्याशी कसं वागावं हे तिचं तिनं ठरवायचं. तिचा खरा तक्ता फाडला तरी मला पाठ आहे, तेवढा देते.

सुरेखा, चौथीचा वर्ग, सव्वीस मुलं, बत्तीस पानं. पहिल्या तीन पानांवर मुलं गप्प होती, पण पुढे सरकून बसली होती. चौथ्या पानावर चंद्रीनं पहिली बोली लावली आणि टिंब. सातव्यापासून वर्ग चंद्रीबरोबर बेंऽऽ करायला लागला, टिंबांना चौकट पुरेना. अकराव्याला शेजारच्या वर्गावरच्या बाई गोंगाट थांबवायला आल्या आणि दारातच ऐकत उभ्या राहिल्या. एकोणिसाव्यावरून मुलं तीनदा मागं गेली, तीन बाण. शेवटच्या पानाला एक मुलगी हसता हसता बाकावरून खाली पडली. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पहिलं पान पुन्हा उघडलं. शून्य एकही नाही.