कानावरच्या तीन रेघा

गल्लीत त्याला सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण एका जागी टेकेल तर शपथ! खुर्चीत गिऱ्हाईक नसलं की हा दाराशी. दाराशी दोन मिनिटं झाली की आत. आत आला की पुसलेला आरसा पुन्हा पूस, मांडलेल्या कात्र्या पुन्हा मांड. दुकानात जेवतोसुद्धा उभ्यानं. बायको म्हणते, "अहो, लग्नाच्या फोटोतसुद्धा हे हललेत." आणि ते खरं आहे. फोटोत ती छान स्पष्ट दिसते, आणि तिच्या शेजारी मिशीवाला एक धूसर डाग आहे.

हातात कात्री आली की मात्र हा माणूस थांबायचा. पाय जागच्या जागी, मान किंचित तिरकी, तोंड बंद. म्हणून तर लोक त्याच्याकडं यायचे. पुरुषांचं साधं सलून, दोन खुर्च्या. एक त्याची. दुसरी धाकट्या भावाची. तो अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेला आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेलांची चळत आणि जुने पेपर बसलेले.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी कमरेपर्यंत वेणी असलेली एक पोर दारात येऊन उभी राहिली. "काका, मुलींचे केस कापता?"

"मुलींचे म्हणजे? केस ते केस. किती कापू?"

"सगळे. तुमच्या गिऱ्हाइकांसारखे."

ती तीन पार्लरं फिरून आली होती. पहिलीनं विचारलं, घरी विचारलंस का. दुसरीनं विचारलं, काही झालंय का गं तुला. तिसरीनं कापले, पण मानेवर असे गोल सोडले, की डोक्यावर वाडगा पालथा घातल्यासारखं दिसत होतं, आणि वर पुन्हा गंगावनाची वेणी डकवून पोरीला घरी पाठवलं! आता यात पार्लरवाल्यांचीही फार चूक नाही म्हणा. लांब केस कसेही वळवा, फिरवा, खपून जातं. आखूड केसांत चूक लपवायला जागाच नसते. मान, कान, कल्ले, सगळं उघड्यावर. तिथं पुरुषांचे केस कापलेला हातच लागतो.

बाकावर एक निवृत्त हेडक्लार्क पेपर वाचत होते. रोजचे. त्यांनी चष्मा खाली केला. "हे काय आता नवीन?"

"डोकं तुमचं आहे का? नाही ना? मग वाचा पेपर," भिंगरी म्हणाला.

त्यानं लगेच कात्री लावली नाही, हं. गंगावन काढलं, होते ते केस पिनांनी दाबून आत वळवले, आरसा दाखवला आणि म्हणाला, "अशीच चौकापर्यंत जाऊन ये. चार लोकांनी बघू दे. परत आलीस तर कापतो." ती परत आली. पुढं ती त्याची रीतच झाली. काही मुली चौकातून तशाच घरी जायच्या, तर तो म्हणायचा, बरं झालं, वाचल्या. पण बहुतेक परत यायच्या. दवाखान्यातली नर्स आली, वकिलाच्या ऑफिसातली उमेदवारी करणारी आली, पोहायला जाणाऱ्या दोघी बहिणी आल्या. एका बाजूला साफ बारीक आणि दुसरीकडं हनुवटीपर्यंत तिरके, माथ्यावर उभे, कपाळावर मुद्दाम वाकडे कापलेले. मागाल ते. हेडक्लार्कसुद्धा पुढंपुढं पेपर बाजूला ठेवून "डावीकडं अजून जरा घ्या" असं सुचवायला लागले.

आता त्याची मुलगी. ती चोवीस वर्षांची, पलीकडच्या गल्लीत पाट्या आणि स्टिकर बनवणाऱ्याकडं कामाला. दिवसभर पातं धरून अक्षरं कापायची. हात असा, की पातं फिरलं तरी खालचा कागद फाटणार नाही. दुपारी बापाचा डबा घेऊन सलूनमध्ये यायची, आणि तो जेवेपर्यंत तिचं लक्ष सगळं आरशात. घरी आईचे केस तिनं कापले, आतेबहिणीचे कापले, शेवटी दोन आरसे समोरासमोर लावून स्वतःचेच कापले. अगदी आखूड. बापाला म्हणाली, "बघा."

भिंगरीनं तिची मान उजेडाकडं वळवली. "डावीकडं दाणाभर वर गेलंय," एवढंच म्हणाला. त्या रात्री मात्र त्याला झोप लागली नाही. स्वतःच्या मानेवर, उलट्या आरशात बघून, इतकी सरळ रेघ त्याला जन्मात काढता आली नसती.

तिनं दुसरी खुर्ची तीनदा मागितली. पहिल्यांदा त्यानं चांगल्या चाललेल्या नोकरीचं कारण दिलं. दुसऱ्यांदा, दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगतात म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पुरुष गिऱ्हाईकं काय म्हणतील?"

"तुमच्या खुर्चीत मुली बसलेल्या चालतात आणि खुर्चीमागं मुलगी उभी राहिलेली नाही चालत? कमाल आहे बाबा!"

तो टॉवेल झटकायला बाहेर गेला. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती वाटत होती. ही पोर शेजारी उभी राहिली तर सहा महिन्यांत सगळ्या मुली तिच्याकडं जाणार आणि आपण हेडक्लार्कांची दाढी करत बसणार, ही भीती. एवढी साधी, कोती भीती. पण ती बाहेर काढून बघायची हिंमत होईना आणि आत ठेवून स्वस्थताही मिळेना.

मग ती दुपार आली. खुर्चीत चपलांच्या दुकानात काम करणारी एक उंच पोर होती. दुसऱ्या दिवशी तिचा ओळखपत्राचा फोटो. दोन्ही बाजू बारीक, माथ्यावर लांब, असं ठरलं होतं. भिंगरीनं मशीन चालवून बाजू उतरवल्या. मानेवरची रेघ साफ करायला मशीनची पुढची प्लॅस्टिकची कंगवी काढून ठेवली. या कंगवीमुळंच डोक्यावर थोडे केस उरतात. ती नसेल तर मशीन थेट कातडीला लागतं. मान झाली. तेवढ्यात दारातून मुलगी डबा घेऊन आली. सकाळीच खुर्चीवरून त्यांची पुन्हा वाजली होती. हा तिच्याकडं बघत, बोलत, "उन्हातनं कशाला येतेस तू, मी आलो असतो की," असं काहीतरी पुटपुटत मशीन उचलून उजव्या कानावर राहिलेल्या केसांना टेकवता झाला. कंगवी न लावता!

मशीनचा कोपराच टेकला, पण बोटभर लांबीची पांढरीफटक तिरकी पट्टी निघाली. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो ती चूक.

"झालं का काका?" पोरीनं विचारलं. ती खाली बघत होती, तिला काही दिसलं नव्हतं.

"होतंय, होतंय," म्हणत हा गृहस्थ मशीन ठेवून चक्क दुकानाबाहेर पडला! विजेच्या खांबापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. काय सांगायचं तिला? उद्या फोटो आहे. रडेल. ओरडेल. सगळ्या गल्लीत बोभाटा होईल. तो चौकापर्यंत जाऊन आला. आत जायचं म्हणून पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबला.

आत त्याच्या मुलीनं हात धुऊन वस्तरा घेतला होता. पोरीला तिनं सरळ सांगितलं, "इथं मशीन जास्त लागलंय. सगळी बाजू साफ करता येईल, नाहीतर यातूनच रेघा काढते. पसंत नाही पडल्या, तर मग साफ करू." पोर म्हणाली, काढ. आणि मुलीनं त्या पट्टीच्या दोन्ही कडा धारदार केल्या, तिच्याखाली तिरकी दुसरी रेघ घेतली, अजून बारीक, तिच्याखाली तिसरी, केसाएवढी. तीन रेघा कानावरून मागं गेल्या आणि जाताजाता विरल्या. ते डोकं आता कुणीही वळून बघावं असं झालं होतं.

"काका, कसलं भारी!" पोर आरशात मान वळवून वळवून बघत होती.

ती गेल्यावर भिंगरीनं उभ्याउभ्या डबा खाल्ला. मुलगी वाट बघत होती. त्यालाही कळत होतं, ती कशाची वाट बघतेय. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "वस्तरा जरा आडवा धरायचा असतो."

इथवर एक वेळ ठीक होतं. माणूस आहे, ओशाळला असेल. पण आठवड्यानं चार मुली घोळक्यानं आल्या. एकीच्या फोनमध्ये तो फोटो. "काका, या रेघा तुम्हीच काढल्या ना? कसं सुचलं तुम्हाला?"

भिंगरीनं फोन हातात घेतला, लांब धरून बघितला, आणि छाती पुढं काढून म्हणाला, "मग काय! माझीच कल्पना."

फोन परत देताना त्याची नजर आरशात गेली. मुलगी दारात उभी होती, हातात डबा. तिनं डबा टॉवेलांच्या चळतीवर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बायको आली. "तिनं पाट्यांचं काम सोडलं," ती म्हणाली. "बसस्टँडसमोर काचेच्या दाराचं सलून झालंय ना, तिथं लागली. शिकाऊ नाही, कापायला घेतलंय. मला नका विचारू, तिलाच विचारा."

त्यानं विचारलं नाही. घरी मुलगी नीट वागत होती, हीच तर पंचाईत. "बाबा, मीठ द्या." "बाबा, दिवा घालवू का?" भांडली असती तर बरं झालं असतं! तो जेवताना बोलायला तोंड उघडायचा आणि पाणी आणायला उठायचा. एका जेवणात चारदा उठला, तेव्हा बायकोनं माठच त्याच्या ताटाशी आणून ठेवला.

आणि आता कात्री हातात असतानाही पाय थांबेनात. त्या चौघींपैकी दोघींना त्यानं तीन रेघा काढून दिल्या. रस्त्यावर मारतात तसल्या जाड पट्ट्या झाल्या. मुली सभ्य, "छान आहे काका" म्हणाल्या आणि टोप्या घालून गेल्या. हेडक्लार्क पेपराआडून म्हणाले, "त्या दिवशी जमलं होतं बुवा तुम्हाला."

शनिवारी चौघींपैकी तिसरी आली. दाट कुरळे केस. हेडक्लार्क खुर्चीत होते, एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. "काका, मी बसते. मलाही त्या तीन रेघा हव्यात. पण त्या पहिल्यासारख्या हं, नंतरच्यांसारख्या नकोत."

भिंगरीच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला. तिचे केस बघताच त्याला दिसलं, मुलीनं यांचं काय केलं असतं. आणि आपल्या हातून काय होणार, तेही दिसलं.

"माझ्याकडं नको," तो म्हणाला. "बसस्टँडसमोर जा. माझी मुलगी आहे तिथं. त्या रेघा तिच्या आहेत."

"पण तुम्ही तर म्हणालात, तुमची कल्पना?"

"खोटं बोललो. माझा हात चुकला होता, तिनं सावरून घेतलं. माझ्यापेक्षा चांगली कापते ती."

पोर बॅग उचलून गेली, आणि भिंगरी जागच्या जागी तडफडला. हे वाक्य आपण कुणाला सांगितलं? ओळख ना पाळख अशा पोरीला! जिला सांगायचं, ती इतके दिवस रोज समोर जेवायला बसत होती. त्यानं वस्तरा ठेवला आणि चपला शोधायला लागला.

"अहो, माझा दुसरा गाल!" हेडक्लार्क ओरडले.

"आलोच!"

तो अक्षरशः पळाला. काचेचं दार ढकललं तेव्हा खांद्यावर टॉवेल तसाच होता. आत तीन खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मुलगी मधल्या खुर्चीमागं, एका पोरीच्या कानामागं मशीन चालवत होती. पाय जागच्या जागी, मान किंचित तिरकी.

"त्या रेघा हिच्या आहेत," भिंगरी दारातूनच म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक माझी होती आणि मी कौतुक लाटलं. ही माझ्यापेक्षा चांगली कापते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तिनं स्वतःचे केस कापले तेव्हापासून. म्हणून तर खुर्ची दिली नाही."

सगळे त्याच्याकडं बघत होते. मुलीनं मशीन बंद केलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नीट होता.

"बाबा, हे त्या दिवशी आपल्या दुकानात म्हणाला असतात ना, तर मी गेलेच नसते."

"मग चल. खुर्ची रिकामी करतो. आत्ता करतो."

"नाही बाबा. मी आता इथं आहे." तिनं मनगटानं डोळे पुसले. "आणि मला इथं बरं वाटतंय."

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. तो थोडा वेळ बघत उभा राहिला. एकदा त्याला वाटलं, कोपर जरा वर हवं. पण तिचा हात बरोबर होता. मग तो निघाला.

दुकानात हेडक्लार्क तसेच बसले होते. गालावरचा फेस वाळून पापुद्रे झालेले.

"काय झालं?"

"येत नाही म्हणाली."

"तुम्ही सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं," भिंगरी म्हणाला. "पण तिला त्याची गरज होती तेव्हा नाही सांगितलं." त्यानं ब्रश ओला केला आणि हेडक्लार्कांच्या दुसऱ्या गालाला नव्यानं फेस लावायला घेतला.