जुनं काम बघून

टिळकवाडीतल्या आमच्या घरावर एक खोली चढवायची होती. कॉन्ट्रॅक्टर कसा निवडायचा, असं विचारलं की जो तो सांगे, आधी त्याचं जुनं काम बघा. म्हणून एका कॉन्ट्रॅक्टरच्याच स्कूटरवर मागे बसून मी कडोलीला त्यानं बांधलेलं एक घर बघायला गेलो.

घरमालक साठीचे, पायजमा-बनियनवर. आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ टेकून त्यांनी आमचं स्वागत केलं आणि तिथून ते तसूभर हलले नाहीत. चहासुद्धा उभ्यानंच प्यायले. खुर्ची सरकवली तर म्हणाले, "असू दे, बसून बसून कंटाळलोय."

"काम कसं आहे?" मी विचारलं.

"एक नंबर! शब्दाला पक्का माणूस हाय," ते म्हणाले आणि त्यांनी टाचा आणखी घट्ट रोवल्या.

फोन वाजला म्हणून कॉन्ट्रॅक्टर अंगणात गेला. त्यांनी सुस्कारा सोडून पाठ काढली, तर अख्खं दार माझ्या अंगावर आलं. त्याला बिजागऱ्याच नव्हत्या.

"मग एवढी तारीफ कशाला केली, आप्पा?" दार पेलत मी विचारलं.

"हळू बोला की! तुमचं काम मिळालं की आधी माझं पुरं करतो म्हणालाय. न्हाय म्हणू नका, पाठ गेलीया माझी."

मला नाही म्हणवेना.

त्यांच्या दाराला बिजागऱ्या लागल्या. परवा कॉन्ट्रॅक्टर निपाणीचं एक जोडपं घेऊन आमच्याकडे आला. मी धावत वर गेलो, नव्या खोलीच्या दाराला पाठ टेकली आणि हसून म्हणालो, "या, या. काम एक नंबर!"