पंतप्रधानाचा केक आणि माझा अर्ज

तो विलायतेचा पंतप्रधान खुर्ची सोडून गेला त्या दिवशी मी आणि माझा मुलगा त्याच्या परदेशातल्या, ट्रुगानिना गावच्या घरी टीव्हीसमोर होतो. देश आमचा नव्हे, मुलगा राहतो तोही नव्हे. पण करोनात लोकांना घरात कोंडून या माणसाने स्वतःच्या कचेरीत मेजवान्या केल्या. पकडल्यावर म्हणाला, मला वाटलं कामाची बैठक आहे. हातात ग्लास, पुढ्यात केक, आणि याला बैठक वाटते! मी चौथी शिकले, पण एवढं मलाही कळतं.

"आई, केकने विकेट काढली बघ त्याची!" मुलगा हसत म्हणाला. मला हसू येईना.

त्या मेजवान्या चालू होत्या तेव्हाच माझ्या मुलीचं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. ती त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला असते, जावई तिथल्या खाणीत इंजिनिअर. हॉस्पिटलमधून तिने मला फोन केला, "आई, ये ना गं." त्यांच्या राज्याची सीमा बंद होती. जायचं तर अर्ज करून परवानगी काढायची. मुलगा लॅपटॉप घेऊन बसला.

"कारण काय लिहू?"

"भेटायला."

"नुसतं भेटायला नाही गं चालत. आजारी आहे का ती?"

ती पोटुशी आहे हेसुद्धा मी त्याला सांगितलं नव्हतं. असलं मुलाशी बोलायची मला सवय नाही. "बरी आहे," मी म्हणाले.

अर्ज नामंजूर झाला. मुलीला मी सांगितलं, सरकार सोडत नाही. पुढे सीमा उघडली आणि मी येते म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला?" त्यानंतर फोनवर जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच.

टीव्हीवर तो दाराबाहेर येऊन उभा राहिला. एवढा शिकलेला, भाषणं ठोकणारा, पण 'मी खोटं बोललो' हे काही तोंडातून निघेना. दुसऱ्यांनीच मला घालवलं, म्हणत होता. लाजेचा मागमूस नाही. मला किळस आली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बघतेस ना, आई? हे केक कापत होते, आणि तू नियम पाळत बसलीस."

"नियमामुळे नाही," मी म्हणाले. मुलगा शेजारीच होता. "दादाला मी खरं कारण सांगितलंच नाही. लाज वाटली. नुसतं भेटायला असं लिहिलं, मग कोण सोडणार?"

मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला. "कसलं कारण?"

मुलगी फोनवरून म्हणाली, "मला वाटायचं, तू अर्जच केला नाहीस." आणि लगेच पुढे म्हणाली, "आता सांग त्याला. मी ऐकतेय."

मी सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. मुलाने माझ्या हातातला फोन घेतला, "सॉरी गं," एवढंच म्हणाला आणि मला परत दिला.

"उद्या बोलू, आई," मुलगी म्हणाली. असं ती कितीतरी महिन्यांनी म्हणाली होती.