वेणीची सावली

"उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग आहे," कोपरगावचे डॉक्टर आम्ही नगरहून आणलेली एक्स-रेची फिल्म बघत म्हणाले. "पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस दिसतोय."

म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. मी बी.ए. झालेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर, शाळेत शिकवणारी. पण तेव्हा तोंडून एवढंच निघालं, "बाळाला पाजलं तर चालेल?"

"जवळसुद्धा घेऊ नका. नगरच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा, मग इंजेक्शनं सुरू करू."

खोकला तर महिनाभर होताच. दुष्काळातली धूळ म्हणून मी सोडून दिला होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, बाळाला, माझ्या विजूला, पलीकडच्या खोलीत नेलं. माझं ताट-तांब्या वेगळं झालं.

"राग धरू नगंस."

"आत्या, शास्त्रच आहे तसं."

"शास्त्र मलाबी कळतंय गं. पर लेकरू रडाया लागलं की शास्त्र काय करतंय?"

विजू भिंतीपलीकडं रडायचा आणि इकडं माझं पोलकं दुधानं भिजायचं. थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. पण डॉक्टर म्हणाले, एकदा सापडले नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं.

नगरच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मग विचारलं, "बाई, एक्स-रे काढताना केस कसे होते?"

मला रागच आला. "डॉक्टर, मी खोकल्यासाठी आलेय."

ते हसले. "हा डाग बघा. छाती सोडून वर मानेपर्यंत गेलाय. फुफ्फुस काही मानेत नसतं."

मग आठवलं. त्या दिवशी सकाळी आत्यांनी मला न्हाऊ घालून, "नगरला जायचं, चार लोकं बघत्यात," म्हणत ओल्या केसांना तेल चोपडून मनगटाएवढी वेणी घातली होती. याच दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत पोलकं काढून नुसता ढगळ झगा घालायला दिला. लाजेनं मी वेणी पुढं घेऊन छातीवर दाबली. शिकाऊ टेक्निशियन माझ्याहून लाजरा. भिंतीकडं बघतच म्हणाला, "श्वास धरा."

डॉक्टरांनी त्याला बोलावलं. "याला आर्टिफॅक्ट म्हणतात. शरीरात नसलेलं, पण फिल्मवर उमटलेलं. ओली, तेलकट वेणी अशीच दिसते. केस बघितले होतेस?"

"सर, मंगळसूत्र काढायला लावलं होतं. पण केसांचं... बाईमाणसाला कसं सांगायचं?"

"तोंडानं! आता म्हण, 'ताई, वेणी वर बांधा.'"

त्याचे कान लाल झाले. "ताई, वेणी वर बांधा."

मी डोक्यावर गच्च अंबाडा घातला. मला हसू आलं, मग त्यालाही.

पण दुसरी फिल्म धुऊन येईपर्यंत बाकड्यावर बसले, तेव्हा हसू कुठल्या कुठं गेलं. वेणीमागं खरंच डाग असला तर?

डॉक्टरांनी ओली फिल्म ठिबकत असतानाच उजेडाला धरली. डाग नव्हता. मला होता ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज. औषधं दिली. शिकाऊ पोराला दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघायला लावल्या. तो इतका मन लावून बघत होता, की माझ्या विद्यार्थ्यांनी तसं फळ्याकडं कधी बघितलं नाही.

बायांनो, छातीचा एक्स-रे काढायचा असला तर वेणी वर बांधा. आणि काढणाऱ्यांनो, लाजू नका, विचारा. तुमच्या एका प्रश्नावर कुणाचं तरी लेकरू अवलंबून असतं. त्या डॉक्टरांचे आणि त्या लाजऱ्या पोराचेही उपकार मी विसरणार नाही.

घरी पोचले तर आत्या विजूला कडेवर घेऊन दारातच.

"काय निगालं?"

"तुम्ही घातलेली वेणी!"

सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बया! म्या एवढी कवतिकानं घातली, अन् तिनंच लेकराला तोडलं व्हय!"

विजू आधी परक्यासारखा बघत राहिला. एवढ्यात माझा अंबाडा सुटला, वेणी खांद्यावरून पुढं आली. त्यानं ती मुठीत पकडली, ओढली आणि माझ्याकडं झेपावला.

आत्यांनी वेणी सोडवायला हात पुढं केला. मी म्हटलं, "राहू द्या."