उंबऱ्यावरची मोहरी

गेल्या सोमवारी दुपारी दार उघडलं, तर उंबऱ्यावर मोहरीचे आठ-दहा दाणे. वाटलं, कुणाची तरी किराण्याची पिशवी फाटली असेल... झाडून टाकले.

मंगळवारी पुन्हा. बुधवारीही. आणि नेमके आमच्याच दारासमोर! नवरा इथे सुरतजवळ पलसाण्याला कापडाच्या डाईंग युनिटमध्ये कामाला असतो, त्याला फोन केला तर म्हणाला, "मुंग्या आणत असतील." मुंग्या काय किराणा भरतात आमच्याकडे?

मग आईला नाशिकला फोन लावला. तिने आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "ते ओलांडू नको. बाळाला घेऊन तर अजिबात नको."

झालं! आमची ओवी दोन महिन्यांची, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. दर शनिवारी मी स्वतः तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून गॅसवर टाकते, आणि तडतडली की म्हणते, गेली दृष्ट. तीच मोहरी कुणीतरी आमच्या दारात टाकतंय म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. एवढासा दाणा, नखावर तीन-चार मावतील... पण इतकी वर्षं बँकेत नोकरी केलेली मी, स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायला घाबरायला लागले.

संशय कुणावर? सांगायला लाज वाटते... समोरच्या रंजनावर. ती शिरपूरकडची, नवरा कडोदऱ्याला लूमवर कामाला. सहा महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं. ओवी झाल्यावर ती एकदाच आली आणि दारातूनच बघून गेली. तेव्हाही मी ओवीच्या तोंडावर दुपटं ओढलं होतं... अगदी नकळत, असं मी मनाला सांगितलं.

गुरुवारी ओवीला पाजून झोपवलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. म्हटलं, आज रंगेहाथ पकडायचंच. अडीचच्या सुमारास समोरचं दार उघडलं... रंजनाच! पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. आमच्या दाराशी आली, बेलकडे हात नेला... थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली आणि परत वळली.

मी खाडकन दार उघडलं. "काय टाकतेस गं आमच्या दारात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती दचकली. पदराखालून एक छोटीशी पिवळी उशी बाहेर आली. तिच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली होती आणि तिथून मोहरी गळत होती.

"राईची उशी आहे ताई," ती खाली बघत म्हणाली. "हिच्यावर झोपवलं की बाळाचं डोकं गोल होतं. माझ्या बाळासाठी शिवेल होती... कोरीच आहे. रोज येते द्यायला. पण वाटतं, माझ्या हातची तुम्हाला चालेल का?"

दाराच्या आत मी तिला घाबरत होते आणि दाराबाहेर ती मला. आणि तिची भीती खरी होती... मी अगदी तेच मनात आणलं होतं.

हाताला धरून तिला आत आणलं. ओवीला उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि सुईदोरा घेऊन उशीचा कोपरा शिवायला बसले. रंजना ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, मग रडायलाच लागली. मलाही टाके दिसेनात. दुपटं मात्र या वेळी मी ओढलं नाही.

रंजना, तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं ते तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितेय... माफ कर मला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कळलं का गं, कोण टाकतंय मोहरी?"

म्हटलं, "हो... ओवीची मावशी."