बिटाचे पोहे

आमच्या नागपुरात पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा नसेल तर पाहुणा तोंडावर काही बोलत नाही, घरी जाऊन बोलतो. आईला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी मला बघायला मुलगा यायचा होता त्या दिवशी तिने केले बिटाचे पोहे. लालभडक. वर किसलेला आवळा आणि बाजूला जवसाची चटणी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला रंगीत भाज्या आणि फळं खायला सांगितली होती. तेव्हापासून घरात कुलदैवतापेक्षा 'अँटिऑक्सिडंट'चंच नाव जास्त घेतलं जायचं. "लोखंडाले गंज चढते नं, तसा आपल्याही अंगाले चढते. हे रंग त्याले रोखून धरते," असं ती भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची. डॉक्टरांनी इतकं सोपं करून सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मी वैतागले होते. मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. आम्ही आधी बाहेर भेटलो होतो आणि मला तो मनापासून आवडला होता. आता सगळं त्याच्या वडिलांच्या हातात होतं. त्याची आई मागच्या वर्षी वारली, त्यामुळे दोघंच येणार होते.

"आज तरी कोणाले काही शिकवू नको वं आई," मी हात जोडले. तिने कबूल केलं.

ते आले. त्याच्या वडिलांनी पोह्यांकडे पाहिलं, बशी हळूच बाजूला सारली आणि खिशातून गोळ्यांची डबी काढली. "मी हे सारं गोळीतूनच घेतो, वहिनी. अँटिऑक्सिडंटचीच आहे. मोबाईलवर पाहून मागवली."

झालं. आईचा शब्द तिथेच हवेत विरला.

"डॉक्टरले विचारलं काय?"

"नाही."

"मग काहून घेऊन राहिले? भाजीत, फळात जे असते ते सारं गोळीत येते थोडंच? अन् जास्त झालं तर उलट त्रास. ठेवा ती डबी खिशात अन् पोहे खा!"

मुलीच्या आईने मुलाच्या बापाला दटावलेलं आमच्या नात्यागोत्यात कोणी पाहिलं नसेल. मुलगा बशीत डोळे खुपसून बसला. वडील माझ्याकडे वळले.

"बेटा, तूही अशीच बोलते काय?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. आईही डोळ्यांनी तेच विनवत होती. तिचा चेहरा पार पडला होता. तिला एकटं पाडून मला कुठलंच लग्न नको होतं.

"हो काका," मी म्हणाले. "घरच्या माणसाले तर याच्याहून जास्त बोलते."

मग बशी पुढे ओढून त्यांनी एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला.

"बरं आहे," ते म्हणाले. "ती गेल्यापासून घरात मले कोणी टोकतच नाही."