आभाळ बघून मागणारी दाक्षायणी

नवी पेठेत चनमल्लप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच राहतं घर. त्या घरात चनमल्लप्पांकडे काही मागायचं असेल तर आधी आभाळाकडे बघायचं, असा नियम त्यांच्या बायकोनं, दाक्षायणीनं, घालून दिला होता. ऊन असलं की तोंड मिटून बसायचं. ढग आले, वारा फिरला, गच्चीची फरशी पायाला सोसवू लागली, की चहाचा कप पुढं करायचा आणि हळूच विषय काढायचा.

नियमाला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात, भर दुपारी, तिनं माहेरी जाऊन येऊ का म्हणून विचारलं होतं आणि चनमल्लप्पांनी हातातला पितळी तांब्या भिंतीवर भिरकावला होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वळवाच्या चार सरी पडल्या. घाबरत घाबरत तिनं पुन्हा विचारलं, तर "जा की, चांगली राहून ये," असं उत्तर आलं. एवढ्यावर दाक्षायणीचं शास्त्र उभं राहिलं. पोचा आलेला तांब्या तिनं मोडीत घातला नाही. घरातल्या सगळ्यांना दिसेल असा फळीवर ठेवला.

सोलापुरात उन्हाळा आला की बायका गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळवून वर्षाची बेगमी करतात. दाक्षायणी त्यांच्याबरोबर मागण्याही साठवी. नवा स्टोव्ह हवा असो की भावाच्या घरची वास्तुशांत असो, सगळं गारव्यापर्यंत थांबे, आणि मग एकदम बाहेर पडे. एका आषाढात तिनं एकाच चहावर शिलाई मशीन, मोरीची दुरुस्ती आणि श्रीशैलची यात्रा असे तीन होकार मिळवले. तेव्हापासून आळीत तिचा शब्द चालू लागला. दुकानातला जुना नोकर गुरप्पासुद्धा रजा मागण्याआधी जिन्याखालून हाक मारी, "काकू, आज कसं हाय?"

दाक्षायणी खिडकीतून मान बाहेर काढी. "आज नको रे. आभाळ कोरडं आहे."

"अन् उद्या?"

"मी काय वेधशाळा आहे होय?" ती म्हणे, पण हे विचारलेलं तिला आवडत असे.

चनमल्लप्पा स्वतः कमी बोलणारे. उन्हाळ्यात ते दुपारी दुकानातून वर येत आणि पंख्याखाली डोळे मिटून पडून राहत. पावसाळ्यात मात्र त्यांची चुळबूळ सुरू होई. समोरचा चहा निवून जाई तरी हात लावत नसत. गारव्यानं माणूस कसा मोकळा होतो बघा, असं दाक्षायणी त्यावर म्हणे.

बहात्तर साली आभाळानंच दगा दिला. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. नळाला पाणी एक वेळ येऊ लागलं आणि त्या एका वेळेला आळीतल्या जन्माच्या मैत्रिणी एकमेकींच्या घागरी लाथेनं सरकवू लागल्या. साऱ्या गावाचं डोकं तापलं होतं. चनमल्लप्पा मात्र शीळ घालत जिना चढत. दाक्षायणीनं ओळखलं, ऊन डोक्यात गेलं. ती रोज त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घाशी आणि ते लहान मुलासारखे घासून घेत.

नेमक्या त्याच वर्षी त्यांची मुलगी महानंदा मॅट्रिक झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. पुण्याच्या अध्यापिका विद्यालयात जागा मिळत होती, वसतिगृहही होतं. फक्त अप्पांचा होकार हवा होता, आणि तो जुलै संपायच्या आत.

"अव्वा, आज विचारू?" ती रोज विचारी.

"ढग येऊ दे."

"नाहीच आला तर?"

"येईल की. आपल्यासाठी नाही तर पिकांसाठी तरी येईल."

ढग आला नाही. आली ती काशम्मा, चनमल्लप्पांची थोरली बहीण. अक्कलकोटहून भर उन्हात एसटीनं आली, पदरानं घाम पुसला आणि पंख्याखाली पडलेल्या भावाला म्हणाली, "तम्मा, महानंदाला स्थळ आणलंय. दुधनीत आडत आहे त्यांची. रविवारी बघायला येतो म्हणतात."

दाक्षायणीनं फळीवरच्या तांब्याकडे पाहिलं.

"येऊ देत की," डोळे न उघडता चनमल्लप्पा म्हणाले.

एवढ्या उन्हात होकार! महानंदा आत्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिनं पेला खाली ठेवला. "अप्पा, मला आत्ता लग्न करायचं नाही. मला पुण्याला शिकून मास्तरीण व्हायचंय. जाऊ?"

दाक्षायणीनं चटकन तांब्या उचलून पदराआड धरला.

"जा की," चनमल्लप्पा म्हणाले.

"अय्यो!" काशम्मा किंचाळली. "आत्ता मला हो म्हणालास, लगेच तिला हो?"

"तू म्हणालीस बघायला येतात, म्हटलं येऊ देत. पोरगी घरात नसली तर चहा पिऊन जातील."

"चहा प्यायला येतात होय दुधनीहून? आणि ही शिकून काय कलेक्टर होणार?"

"मास्तरीण, आत्या."

"मग आधी सासूलाच बाराखडी शिकव!"

"शिकू दे, आक्का," चनमल्लप्पा उठून बसले. "स्थळं काय पळून जातात?"

काशम्मा रागानं मोरीवर पाय धुवायला गेली. दाक्षायणी तांब्या पदराआड धरूनच पुढं आली. "अहो, तुम्ही... एवढ्या उन्हात हो म्हणालात?"

"उन्हाचा काय संबंध?"

तिनं तांब्या पुढं केला. चनमल्लप्पांनी तो फिरवून पाहिला. "हा होय? त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती गं. दुसऱ्या दिवशी उपटून आलो."

वीस वर्षांचं शास्त्र एका दाढेवर उभं होतं.

"आणि खरं सांगू का?" ते म्हणाले. "मला वाटायचं, हवेचं तुलाच काहीतरी होतं. उन्हाळाभर गप्प असतेस. आभाळ भरून आलं की कप घेऊन समोर उभी राहतेस. ढग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. यंदा ढग नाही, म्हणून जरा सुखात होतो."

"देवा! लोक पाण्यावाचून तडफडतात आणि तुम्ही—"

"म्हणून तर कुणाला बोललो नाही."

महानंदा पुण्याला गेली. पावसानं पुढंही डोळे वटारलेलेच ठेवले. भाद्रपदात एका दुपारी मात्र आभाळ दाटलं आणि नवी पेठेतली माणसं गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर येऊन वर बघू लागली. दाक्षायणीनं सवयीनं चहा केला. कप दिसताच चनमल्लप्पा ताठ बसले.

"काय पाहिजे?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "मग मीच मागतो. पोरीला दसऱ्याला बोलावून घ्यायचं का? घर फार गप्प झालंय बघ."

दाक्षायणीनं सवयीनं आधी खिडकीतून मान बाहेर काढली. ढग एक थेंबही न टाकता अक्कलकोटकडे निघाले होते, आणि समोरच्या पत्र्यावर पुन्हा ऊन चमकत होतं.

"ऊन पडलंय," ती म्हणाली. "पण बोलवू."